धीर देणारा आकडा

वेगिनी मोटर्सची नवी गाडी एका चार्जमध्ये एक हजार चार किलोमीटर धावली, तेव्हा ती जागची तसूभरही हलली नव्हती. चाकणच्या पलीकडे माळावर असलेल्या चाचणी केंद्रातल्या एका बंद खोलीत तिची चाकं पोलादी रोलरवर जागच्या जागी फिरत होती. खोलीचं तापमान पंचवीस अंश. समोरून मोजून-मापून सोडलेला वारा. एसी बंद. चालकाच्या जागी एक यांत्रिक माणूस: दोन लोखंडी पाय, एक हात, डोकं नाही. केंद्रातले लोक त्याला ‘जावई’ म्हणत, कारण त्याची बडदास्त फार ठेवावी लागे.

हेमांगी बेझलवारने आकडा दोनदा तपासला आणि प्रमाणपत्रावर सही केली. त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या याच खोलीत, याच जावयाच्या पायाखाली मोजल्या जात. त्यामुळे एका गाडीची दुसरीशी तुलना करता येई. त्या आकड्याचा उपयोग तेवढाच होता. पण पुढच्याच आठवड्यात महामार्गावर फलक झळकले. धुक्यातून जाणारा निर्मनुष्य रस्ता, निळी गाडी, आणि खाली लिहिलेलं: ‘वेगिनी. एका चार्जमध्ये हजार. वाटेत थांबायचं कशाला?’

लोकांनी गाडीचं नावच ‘हजारी’ ठेवलं.

सिरोंच्याहून व्यंकटेशचा फोन आला तेव्हा हेमांगी जेवायला बसली होती. व्यंकटेश तिचा धाकटा भाऊ. त्याचा मिरचीचा व्यापार होता. सिरोंचा तेलंगणाच्या सीमेवरचं गाव, म्हणून घरात निम्मी तेलुगू, निम्मी मराठी; तो तिला अक्काच म्हणायचा.

“अक्का, हजारी घ्यावी म्हणतो. तूच तपासलीस ना?”

“मीच.”

“खरंच हजार जाते?”

“आमच्या खोलीत जाते. तू सिरोंच्यात राहतोस. मे महिन्यात तुमच्याकडे सत्तेचाळीस अंश. एसी लागणार, बॅटरीला स्वतःला गार राहायलाही वीज लागणार, वर तुझी मिरचीची पोती. तू एक तृतीयांश कापून धर, साडेसहाशे.”

“साडेसहाशे म्हणजेही भरपूर,” व्यंकटेश हसला. “चंद्रपूरला जाऊन येऊन चारशे. बास झालं.”

मग नानांनी फोन घेतला. नाना, म्हणजे राजेश्वर बेझलवार, अहेरीच्या कोर्टात दुभाष्या होते. तेलुगू, मराठी आणि माडिया या तिन्ही भाषांत ते सारख्याच सहजतेने बोलत. निवृत्तीनंतरही रोज सकाळी ते गावातल्या दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसत आणि जंगलातून आलेल्या माडिया बायकांचं दुखणं डॉक्टरला समजावून सांगत. पोटात दुखतं म्हणजे जळतं की पिळवटतं, हे ते बरोबर विचारून घेत.

“हेमा, गाडीत बोलायचं यंत्र आहे म्हणे?”

“आहे, नाना.”

“माडिया येतं का त्याला?”

“नाही.”

“मग माझी नोकरी शाबूत आहे,” ते म्हणाले, आणि पुढे अर्धा तास बोलत राहिले.

गाडी आली. पहिल्या वर्षी व्यंकटेश खरोखरच पडद्यावर दिसणाऱ्या अंतरातून एक तृतीयांश कापून हिशोब करायचा. पण पडदा कधी चुकला नाही. पावसाळ्यात नाही, हिवाळ्यात नाही. चारशे दाखवले की चारशेच्या आसपास गाडी जायचीच. दिवाळीला हेमांगी घरी गेली तेव्हा तो चिडवत म्हणाला, “अक्का, तुझ्यापेक्षा गाडीतली ही पाटी जास्त खरं बोलते.” त्याची बायको लावण्या हसली. हेमांगीही हसली, पण तिला ते थोडं लागलं.

त्याच सुमारास रस्ताही बदलत होता. पेट्रोल पंप आधीच गेले होते. आता गाड्या हजार किलोमीटर जातात म्हटल्यावर वाटेतली चार्जिंग केंद्रं कोण वापरणार? आलापल्लीचं केंद्र ओस पडू लागलं आणि एक दिवस त्याला कुलूप लागलं. जंगलातल्या त्या सगळ्या पट्ट्यात, सिरोंच्यापासून थेट चंद्रपूरपर्यंत, भर रस्त्यात वीज मिळेल अशी जागा उरली नाही. कुणी तक्रार केली नाही. गाडीतल्या पाटीवर भरपूर आकडा दिसत होता.

मेच्या एका दुपारी व्यंकटेशचा पुन्हा फोन आला. आवाज फाटलेला होता.

“अक्का, नाना पडले. तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलत नाहीये. डॉक्टर म्हणतात मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय. तासा-दोन तासांत निघालात तर चंद्रपूरला इंजेक्शन देतील, नंतर उपयोग नाही.”

“ॲम्ब्युलन्स?”

“बाळंतिणीला घेऊन गेलीय. हवाई रुग्णवाहिका या उन्हात उडत नाही म्हणतात, हवा विरळ होते. गाडी आहे आपली. पण काल रात्री चार्ज केली नव्हती. तीनशे अठरा दाखवतेय. निघू, की थोडा वेळ चार्जिंगला लावू?”

हेमांगीने डोळे मिटले. घरच्या विजेवर तासाभरात साठेक किलोमीटर भरले असते. तासाभरात नानांच्या मेंदूतला आणखी किती भाग मेला असता, ते तिला मोजता येत नव्हतं. चंद्रपूर दोनशे किलोमीटर. तीनशे अठरातून एक तृतीयांश वजा केले तर दोनशे बारा.

“किती जण आहात?”

“मी, लावण्या, नाना.”

“सत्तरच्या वर जाऊ नकोस. एसी अगदी कमी ठेव. पुरेल. नीघ.”

“नक्की?”

“नक्की. नीघ तू.”

पुढचं तिला नंतर लावण्याकडून कळलं. आलापल्लीपर्यंत सगळं ठीक होतं. नाना मागच्या सीटवर लावण्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते आणि सारखं काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. केंद्राचं कुलूप दिसलं तेव्हा पाटीवर दोनशेच्या वर आकडा होता, म्हणून त्या कुलपाकडे कुणी लक्षही दिलं नाही. आलापल्ली सोडून जंगल सुरू झालं, आणि मग एका वळणावर आकडा कोसळला. एकशे ऐंशी, नव्वद, तीस. मंजुळ आवाजात गाडी म्हणाली, “कृपया सुरक्षित जागी थांबा.” आष्टीच्या अलीकडे, सागाच्या पानं गळालेल्या जंगलात, ती उभी राहिली. सावली नव्हती. एसी बंद पडल्यावर त्यांनी नानांना बाहेर काढून रस्त्याच्या कडेला साडीच्या आडोशाला झोपवलं. व्यंकटेश रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. दोन हजाऱ्या त्याला वळसा घालून निघून गेल्या. शेवटी तेंदूपत्त्याचा एक ट्रक थांबला.

चंद्रपूरला पोचेपर्यंत इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.

नाना वाचले. हेमांगी पोचली तेव्हा ते डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. तिला बघून त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, ज्याला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तोच आवाज. मग ते डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारू लागले आणि लावण्याने तो हात धरून ठेवला.

डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, “त्यांना कळतं सगळं. शब्द सापडत नाहीत. तिन्ही भाषांतले गेलेत.”

व्यंकटेश व्हरांड्यात उभा होता. हेमांगी जवळ गेली तसा तो दोन पावलं सरकला.

“व्यंकट, मी एक तृतीयांश कापूनच हिशोब केला होता.”

“तू कापलंस. मी काही बोललो का?”

“गाडीत काहीतरी बिघाड असणार. असं एकदम—”

“बिघाड असेल. गाडी यंत्र आहे, बिघडणारच,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “पण मी गाडीला विचारलं नव्हतं, अक्का. तुला विचारलं होतं.”

मग तोच म्हणाला, “मला एक कळत नाही. सकाळी अहेरीहून आलो तेव्हा दोनशे दहा होते. नानांना उचलून आत ठेवलं, मी बसलो, तर तीनशे अठरा. मला वाटलं लावण्याने मध्ये चार्जिंगला लावली असेल.”

“मी हातसुद्धा लावला नव्हता,” लावण्या दारातून म्हणाली.

उभ्या गाडीत आकडा शंभराने वाढला होता.

वेगिनीच्या कार्यालयात प्रणव देवस्थळी हेमांगीला भेटला. पडद्यावरच्या आकड्याची प्रणाली त्याच्या गटाने बनवली होती. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं पडलेला माणूस. त्याने टाळाटाळ केली नाही.

“त्या प्रणालीचं नाव ‘धीर’ आहे,” तो म्हणाला. “बॅटरीत वीज किती, हे कळतं. पण ती किती अंतर पुरेल हे चालकावर अवलंबून असतं. घाबरलेला माणूस वाईट चालवतो. एकदम वेग घेतो, एकदम ब्रेक मारतो. तोच माणूस शांत असेल तर त्याच विजेत पंधरा-वीस टक्के लांब जातो. मग आम्ही विचार केला, त्याला शांतच ठेवलं तर? स्टिअरिंगमध्ये नाडी मोजण्याची सोय होतीच. तळहाताला घाम सुटला, नाडी वाढली, की आकडा थोडा वर जातो. माणूस निवांत होतो, नीट चालवतो, आणि तो आकडा बराचसा खरा ठरतो.”

“माणूस जितका जास्त घाबरेल, तितकं मोठं खोटं.”

“मॅडम, खोटं नाही. अंदाज आहे. अगदी तळाला गेल्यावर सुरक्षा-यंत्रणा खरा आकडा दाखवतेच.”

“वडिलांना झटका आलाय, बाहेर सत्तेचाळीस अंश आहेत, असा माणूस स्टिअरिंगवर बसला तर?”

देवस्थळीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. “तितकी नाडी आम्ही कधी गृहीत धरली नव्हती.”

“आम्हाला का सांगितलं नाहीत?”

“सांगितलं होतं की. जाहिरातीतच आहे. ‘वेगिनी तुमचं मन ओळखते.’”

हेमांगीला ते वाक्य आठवलं. जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य अर्ध्याने कापून वाचायची तिला सवय होती. हे तर तिने पूर्णच कापलं होतं. आणि तिच्या खोलीत ही प्रणाली कधी दिसणं शक्यच नव्हतं. जावयाला नाडी नव्हती. तिने आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं की आकडा कापून घ्या, अपेक्षा बेतात ठेवा. पण जो आकडा तुमच्या भीतीच्या मापाने फुगतो, तो किती कापायचा? त्या दुपारी तिने ज्यातून एक तृतीयांश वजा केला, तो आकडा बॅटरीचा नव्हता. तो व्यंकटेशच्या भीतीचा होता.

“हे बंद करा,” ती म्हणाली.

“करू शकतो.” त्याने पडदा तिच्याकडे वळवला. “पण हे बघा. ‘धीर’ आल्यापासून वाटेत बंद पडणाऱ्या गाड्या एक तृतीयांशाने कमी झाल्यात. देशभर. बंद केलं तर जास्त लोक अडकतील. त्यातही कुणी आजारी असेल.”

तिने ती सगळी माहिती मागून घेतली. कुठेतरी चूक सापडेल या आशेने कितीतरी रविवार त्यात घातले. चूक नव्हती. गणित बरोबर होतं. नानांसारखे लोक त्या गणितात ‘अपवादात्मक हवामान’ या रकान्यात होते, आणि तो रकाना सरासरीतून वगळलेला होता.

तरीही या घटनेसाठी नेमलेल्या सरकारी चौकशी समितीपुढे तिने साक्ष दिली. तिच्या वरिष्ठांना ते आवडलं नाही. समितीच्या अध्यक्षांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कंपनीने नियम मोडला का?”

“नाही.”

“तुम्ही?”

“नाही.”

“मग आम्ही लिहायचं काय, ते तुम्हीच सांगा.”

शेवटी एक गोष्ट झाली. जुन्या-नव्या प्रत्येक गाडीच्या पडद्यावर ‘खरा आकडा’ नावाचं बटण द्यायचं ठरलं. ते दाबलं की ‘धीर’ बंद, आणि ऊन, वजन, बॅटरीचं वय सगळं धरून येईल तेवढंच अंतर दिसायचं. हेमांगीला वाटलं, एवढं तरी झालं. तिने व्यंकटेशला कळवलं. त्याने उत्तर दिलं नाही.

वर्षभराने देवस्थळीनेच तिला सांगितलं. जवळपास सगळ्यांनी उत्सुकतेने ते बटण दाबून बघितलं होतं. नऊशेचे पाचशे झालेले बघून आठवड्याच्या आत बहुतेकांनी बंद केलं. शोरूममध्ये लोक खरा आकडा बघायचे आणि शेजारच्या दुकानात जाऊन दुसऱ्या कंपनीची गाडी घ्यायचे, जिच्यात असं बटण मुद्दाम खोल दडवून ठेवलेलं असायचं. पुढच्या मॉडेलमध्ये वेगिनीनेही ते आत कुठेतरी नेऊन ठेवलं.

“मी तुमच्या बाजूने बोललो होतो,” देवस्थळी म्हणाला. तो खरं बोलत असावा.

नंतरच्या उन्हाळ्यात हेमांगी सुट्टी काढून सिरोंच्याला गेली. नाना खिडकीत बसून असत. सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर त्यांना नेणं लावण्याने बंद केलं होतं. माडिया बायका त्यांच्यापुढे येऊन बोलत, आणि त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत राही. व्यंकटेश हेमांगीशी बोलायचा, पण जेवायला बस, पाणी तापलंय, इतपतच.

ती आल्यावर चार-पाच दिवसांत नानांना ताप भरला. जेवताना घास छातीत गेला होता आणि फुप्फुसात जंतू झाले होते. गावातल्या डॉक्टरांनी चंद्रपूरला हलवायला सांगितलं. आदल्या दिवशीच्या वादळात विजेचे खांब पडले होते. गावाला वीज नव्हती. गाडीत होतं तेवढ्यावरच निघायचं होतं. व्यंकटेश नानांना सरळ धरून मागे बसला, कारण आडवं केलं की त्यांना श्वास पुरत नव्हता. हेमांगी स्टिअरिंगवर बसली.

पाटीवर तीनशे ऐंशी होते. तिने बटण शोधलं. ते बंद होतं.

“व्यंकट, खरा आकडा का बंद ठेवलायस?”

मागे नानांचा श्वास घरघरत होता.

“चालू ठेवून बघितला, अक्का. मग नानांना घेऊन घराबाहेर पडायची हिंमतच होत नाही. आणि पडावं तर लागतंच. दुसरं आहे काय आपल्याकडे?”

तिने बटणावरचा हात काढून घेतला.

रस्ता तापून चकाकत होता. आलापल्ली जवळ आली तेव्हा आकडा दोनशे तीसच्या आसपास होता. बंद केंद्राच्या पुढे एका टपरीवाल्याने जनरेटर बसवला होता. व्यंकटेशला ते माहीत होतं.

“अक्का, इथं एकजण चार्ज करून देतो. अर्धा-पाऊण तास लागतो. थांबायचं?”

नाना खोकू लागले. खोकता खोकता त्यांना ठसका लागला, त्यांचे ओठ काळपट दिसू लागले, आणि व्यंकटेश “नाना, नाना” करत त्यांची पाठ चोळू लागला. हेमांगीचे तळहात स्टिअरिंगवर घसरले. तिच्या डोळ्यांसमोर आकडा बदलला. दोनशे चौतीस. दोनशे एक्केचाळीस. दोनशे बावन्न.

हे काय चाललंय, ते तिला देशातल्या कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. आणि तरीही तिच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिचा श्वास संथ झाला, पाय हलका झाला.

“नको,” ती म्हणाली. “पुरेल.”

जनरेटरवाला मागे पडला. आष्टी आली आणि गेली. गोंडपिपरी गेली. गाडी एकदाही अडखळली नाही.

चंद्रपूरला इस्पितळाच्या पोर्चमध्ये गाडी उभी राहिली, तशी माणसं स्ट्रेचर घेऊन धावली. नानांच्या नाकावर प्राणवायूची नळी लागली. आत नेताना व्यंकटेश क्षणभर थांबला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

“बघ, पुरली,” तो म्हणाला आणि स्ट्रेचरमागे पळाला.

हेमांगी स्टिअरिंग धरून बसून राहिली. पाटीवर अजून त्र्याण्णव दिसत होते. आता आत डॉक्टर होते, नाना त्यांच्या हातात होते. तिच्या कपाळावरचा घाम वाळू लागला, नाडी उतरू लागली. तिच्याबरोबर आकडाही उतरू लागला. ऐंशी. सत्तावन्न. छत्तीस. एकोणीस.

तो कुठे जाऊन थांबतो हे बघायच्या आत दार उघडून ती खाली उतरली.